चिप (गोल्फ)

चिप हा गोल्फ या खेळात ग्रीनच्या लगतच्या भागातून मारला जाणारा लहान पल्ल्याचा फटका आहे. होलभोवतीच्या, अतिशय बारीक कापलेल्या गवताच्या क्षेत्रास ग्रीन म्हणतात. चिपमध्ये चेंडू थोडे अंतर हवेतून जाऊन ग्रीनवर पडतो व उरलेले अंतर घरंगळत होलकडे जातो. याउलट 'पिच' या फटक्यात चेंडू उंच उडतो आणि पडल्यावर कमी घरंगळतो.

तंत्र

उजव्या हाताने खेळणारा खेळाडू दोन्ही पाय जवळ ठेवून शरीराचा भार डाव्या पायावर घेतो. चेंडू दोन्ही पावलांच्या मध्यभागी किंवा किंचित उजवीकडे असतो, तर हात चेंडूच्या थोडे पुढे, म्हणजे होलच्या दिशेने असतात. क्लब खांद्यांच्या हालचालीने लंबकाप्रमाणे फिरवला जातो. मनगटे जवळजवळ स्थिर राहतात. क्लबचे पाते खाली येताना प्रथम चेंडूला व नंतर जमिनीला लागणे आवश्यक असते.

चेंडू वर उचलण्याचे काम पात्याचा तिरकेपणा करतो. नवशिके खेळाडू मनगट वळवून चेंडू स्वतः उचलू पाहतात. त्यामुळे क्लब चेंडूआधी जमिनीत रुततो, किंवा पात्याची कड चेंडूच्या मध्यावर लागून तो ग्रीनपार जातो. आघातापूर्वी क्लबचा वेग कमी करणे हीदेखील नेहमीची चूक आहे.

क्लबची निवड

सपाट ग्रीनसाठी 'बाराचा नियम' हा ढोबळ आडाखा वापरतात. १२ मधून आयर्न क्लबचा क्रमांक वजा केल्यास, चेंडू हवेतील अंतराच्या किती पट घरंगळेल याचा अंदाज येतो. उदाहरणार्थ, ९ क्रमांकाच्या आयर्नने सुमारे ३ पट, तर ७ क्रमांकाच्या आयर्नने सुमारे ५ पट. पिचिंग वेज हा क्लब १० क्रमांकाचा धरतात. चढावर चेंडू कमी, तर उतारावर अधिक घरंगळतो.

उल्लेखनीय प्रसंग

१९८२ च्या यू.एस. ओपन स्पर्धेत टॉम वॉटसन यांनी पेबल बीच येथील १७ व्या होलवर ग्रीनबाहेरून चेंडू थेट होलमध्ये घातला व विजेतेपद मिळवले. १९८५ च्या याच स्पर्धेत तैवानचे टी. सी. चेन अखेरच्या फेरीत ४ फटक्यांनी आघाडीवर होते. पाचव्या होलवर ग्रीनजवळच्या दाट गवतातून खेळताना त्यांचा क्लब चेंडूला दोनदा लागला. तत्कालीन नियमानुसार एका फटक्याचा दंड होऊन त्या होलवर त्यांचे ८ फटके झाले आणि स्पर्धा त्यांनी एका फटक्याने गमावली. २०१९ पासूनच्या नियमांनुसार असा अनवधानाने झालेला दुहेरी आघात एकच फटका मानला जातो व त्यास दंड नाही.

महाराष्ट्रात

मुंबईतील चेंबूर येथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान आहे. या परिसरातील वस्त्यांमध्ये कॅडी म्हणून काम करणारे तरुण वाकवलेल्या लोखंडी सळया व प्लॅस्टिकचे चेंडू घेऊन अरुंद गल्ल्यांत गोल्फ खेळत आले आहेत. हा प्रकार 'स्लम गोल्फ' या नावाने ओळखला जातो. जागेच्या मर्यादेमुळे त्यात लांब फटक्यांना फारसा वाव नसतो. चिपप्रमाणेच अंतराचा अंदाज व हाताचे नियंत्रण यांवर खेळ अवलंबून असतो.