नवी जाळी, मलूल पक्षी
बजरीगर, कॉकाटिएल यांच्यासाठी मोठा पिंजरा बांधताना बहुतेक जण जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी आणतात. लवकर गंजत नाही, स्वस्त पडते. पण हे पक्षी चोचीने तार धरून चढतात, ती कुरतडतात आणि जस्ताचे कण गिळतात. मग पक्षी मलूल होतो, ओकतो, विष्ठा हिरवी व पातळ होते, कधी झटकेही येतात. जस्त स्वादुपिंडाला इजा करते, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. जाळी व्हिनेगर लावून ब्रशने घासली, स्वच्छ धुतली तर धोका घटतो; संपत नाही. परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलच घ्यावे. महाग खरे, पण आजारी पक्ष्याच्या उपचारापुढे ते जड वाटू नये. पशुवैद्याकडे जाताना जाळी नवी आहे हे आवर्जून सांगावे. पोटातला धातूचा तुकडा एक्स-रेमध्ये दिसू शकतो.