‘बघताक्षणी कळतं’ म्हणणाऱ्यांची शाळा

इंटरव्ह्यू घेणाऱ्याला माणूस ‘कळतो’ म्हणजे नेमकं काय होतं? पुण्यातल्या एमबीएच्या एका वर्गात सध्या याचाच हिशेब मागितला जातोय...

‘‘अगं, पहिल्या पाच मिनिटांत कळतं. दारातून आत येतानाच कळतं म्हण ना!’’

माझी एक मैत्रीण हिंजवडीतल्या आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. कोल्ड कॉफी ढवळत तिनं हे इतक्या कॉन्फिडन्सनं सांगितलं की मी निमूट मान डोलावली. मनात मात्र आलं, खुर्चीत टेकायच्या आधीच आपला निकाल लागलेला असतो, तर पुढची पंचवीस मिनिटं काय नुसता टाइमपास?

हाच प्रश्न घेऊन मी एका मॅनेजमेंट कॉलेजात पोचले. एचआरच्या दुसऱ्या वर्षाला इथे ‘एव्हिडन्स-बेस्ड एचआर’ शिकवतात. म्हणजे माणसं निवडायची, त्यांना ट्रेनिंग द्यायचं, पगार ठरवायचा, तर ‘मला वाटतं’ म्हणून नाही, पुरावा बघून. मॅडमची परवानगी काढून शेवटच्या बाकावर बसले. (जुनी सवय!)

तासाची सुरुवातच परीक्षेनं. चूक की बरोबर, एवढंच सांगायचं. ‘कामसू माणूस हुशार माणसापेक्षा सरासरी जास्त चांगलं काम करतो.’ वर्गातले बहुतेक सगळे हात ‘बरोबर’ला वर. माझाही! ‘पगार किती महत्त्वाचा असं सर्व्हेत विचारलं, तर लोक आहे त्यापेक्षा जास्त महत्त्व सांगतात.’ पुन्हा हात वर. दोन्ही उत्तरं चूक. संशोधन सांगतं, कामगिरीचा अंदाज बांधायला बुद्धिमत्ता जास्त उपयोगी पडते. आणि पगाराचं तर उलटंच आहे. सर्व्हेत आपण ‘जॉब सॅटिस्फॅक्शन’, ‘लर्निंग’ वगैरे लिहितो आणि चार पैसे जास्त मिळाले की पेपर टाकतो. मंडळी, खरं सांगा, असंच ना?

हे प्रश्न मॅडमनी घरी बसून काढलेले नव्हते. सारा राइन्स, एमी कोल्बर्ट आणि केनेथ ब्राउन या अमेरिकन संशोधकांनी २००२ साली ९५९ एचआरवाल्यांना असेच ३५ प्रश्न घातले होते. सरासरी बरोबर उत्तरं ५७ टक्के! नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आले असते. आणि सगळ्यात जास्त घोळ कुठे? माणसं निवडण्याच्या प्रश्नांमध्ये.

‘‘डॉक्टर म्हणाला, मला आतून वाटतंय म्हणून हे औषध घ्या, तर घ्याल?’’ मॅडमनी विचारलं. वैद्यकशास्त्रात पुराव्याचा आग्रह १९९०च्या दशकात कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातून जोरात पसरला. मॅनेजमेंटमध्ये तो आणायला हवा, हे डेनिस रूसो यांनी अमेरिकेतल्या अ‍ॅकॅडमी ऑफ मॅनेजमेंटच्या अध्यक्ष म्हणून २००५च्या भाषणात मांडलं. २००६ला जेफ्री फेफर आणि रॉबर्ट सटन यांचं पुस्तक आलं आणि विषयाची हवा झाली. पुरावा म्हणजे फक्त जाडजूड जर्नल नाही, बरं का! संशोधन, कंपनीतले स्वतःचे आकडे, अनुभवी लोकांचं मत आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्यांचं म्हणणं, असे चार झरे. चारही तपासून मगच पाणी प्यायचं.

पण खरी धमाल पुढे होती.

मॅडमनी दोन मुलींना बाहेर नेऊन काहीतरी कानात सांगितलं. मग वर्गातल्या तिघांचं पॅनल बसवलं. फक्त हो-नाहीत उत्तर येईल असेच प्रश्न विचारायचे, अशी अट. ‘‘डेडलाइन आली की टेन्शन येतं?’’ ‘‘नाही.’’ ‘‘टीममध्ये काम करायला आवडतं?’’ जरा थांबून, ‘‘नाही.’’ ‘‘बॉसचं चुकलं तर तोंडावर सांगशील?’’ ‘‘हो.’’ पॅनल एकदम खूश. नंतर तिघांनी आपापली निरीक्षणं वाचून दाखवली : ‘स्पष्टवक्ती’, ‘प्रामाणिक’, ‘लीडर मटेरियल, पण टीममध्ये जरा अवघड जाईल’.

मग गुपित फुटलं. पॅनलच्या पाठीमागे भिंतीवर घड्याळ होतं. सेकंद काटा उजवीकडे असला तर ‘हो’, डावीकडे असला तर ‘नाही’. बस्स! पोरगी प्रश्नाकडे लक्षच देत नव्हती. वर्ग खो खो हसला. पॅनलमधला एकजण मात्र अजून हटून, ‘‘पण मॅडम, ती खरंच तशीच आहे!’’

अमेरिकेत असाच प्रयोग जेसन डाना आणि सहकाऱ्यांनी केला आणि २०१३ला प्रसिद्ध केला. तिथेही काहींनी ठरलेल्या नियमानं वाट्टेल ती उत्तरं दिली आणि मुलाखत घेणाऱ्यांना पत्ताच लागला नाही. समोरचा कळला, असं त्यांना छान वाटलं. विद्यार्थ्यांच्या पुढच्या मार्कांचा अंदाज मात्र मुलाखत न घेता, नुसत्या मागच्या मार्कांवरून जास्त बरोबर आला. म्हणजे गप्पांनी माहिती वाढली नाही, धुकं वाढलं.

मग इंटरव्ह्यू बंदच करायचे का? तर नाही. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी आधीच्या सगळ्या संशोधनाची नव्यानं बेरीज-वजाबाकी केली. शून्य म्हणजे निव्वळ तुक्का आणि एक म्हणजे अचूक अंदाज असं धरलं, तर मोकळ्याढाकळ्या गप्पांच्या इंटरव्ह्यूला ०.१९. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं आणि आधीच ठरवलेल्या निकषांवर मार्क, अशा बांधीव इंटरव्ह्यूला ०.४२. सगळ्यात वर! आणि जाहिरातीत हमखास असणारी ‘किमान पाच वर्षं अनुभव’ ही अट? ०.०७.

गंमत म्हणजे १९९८च्या गाजलेल्या आढाव्यात बुद्धिमत्ता चाचणीला ०.५१ होते. सॅकेट यांच्या हिशेबात ते ०.३१ झाले. ‘‘मग पुरावाच बदलतो की!’’ एकानं बरोब्बर पकडलं. मॅडम म्हणाल्या, ‘‘बदलतो ना. माणसाचं मत मात्र बदलत नाही. फरक तोच आहे.’’

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. मग मॅडमनी फळ्यावर एक साधा प्रश्न लिहिला : ‘घरी कोण कोण असतं?’

आपल्यापैकी कोणाला हा प्रश्न विचारला नसेल? सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतल्या २५ कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांशी बोलून २००७ साली लिहिलं, की बहुतेकांना उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ महत्त्वाची वाटते. त्याच वर्षी आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला. पेपरातल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले होते. तोलामोलाच्या शिक्षणाचे अर्ज, फरक नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याचं प्रमाण साधारण दोन तृतीयांश भरलं. मुस्लिम नावाला एक तृतीयांश.

वर्गात कोणी हसलं नाही.

लातूरकडचा एक मुलगा उठला. दोन तासांत पहिल्यांदाच बोलला. ‘‘मॅडम, मागच्या महिन्यात कॅम्पसला मला टेस्टमध्ये वरचे मार्क होते. इंटरव्ह्यूत वडील काय करतात ते विचारलं, गाव कुठलं ते विचारलं. कामाचं काहीच नाही. नंतर सांगितलं, कल्चर फिट नाही. त्याला काय पुरावा होता?’’

मॅडम क्षणभर गप्प. म्हणाल्या, ‘‘मला माहीत नाही. बहुतेक त्यांनाही माहीत नसेल. म्हणून तर हा विषय शिकवते. दोन वर्षांनी टेबलाच्या पलीकडे तू बसशील.’’

‘‘पण तिथे ऐकणार कोण?’’ पुढच्या बाकावरून आवाज आला. ‘‘बॉस म्हणणार, वीस वर्षं माणसं निवडतोय मी!’’

हा प्रश्न मलाही पडला होता. फ्रेशरनं पहिल्याच आठवड्यात आकडे फेकले तर त्याचीच उचलबांगडी व्हायची. मॅडमचा सल्ला साधा होता. वाद घालू नका, मोजायला लागा. त्यांनी उदाहरण दिलं तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांचं. निक ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथे काही गिरण्यांना साफसफाई, नोंदी, साठ्याचा हिशेब, कामगारांना बोनस अशा साध्या पद्धती लावून दिल्या आणि उरलेल्यांशी तुलना केली. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. सुधारणा न करण्यामागे अनेक मालकांचं म्हणणं काय होतं? आमचं बरं चाललंय की! मोजल्यावर कळलं, किती बरं चाललं होतं ते.

तास संपल्यावर जिन्यात तो लातूरचा मुलगा भेटला. ‘‘पटलं का?’’ मी विचारलं. ‘‘पटलं ताई. पण नोकरी गेली ती गेलीच ना.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन मैत्रिणीला सगळं सांगितलं. आधी चिडली. ‘‘तुला काय माहीत, दिवसाला दहा इंटरव्ह्यू घेताना काय होतं ते!’’ मग तीन आठवड्यांनी स्वतःहून फोन. सहा प्रश्न ठरवून घेतले होते, सगळ्यांना तेच विचारले, प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे मार्क दिले.

‘‘आणि?’’

‘‘अगं, दारातून आत येताना ज्याच्यावर मी फुली मारली असती ना, तोच पहिला आला.’’

‘‘मग घेतलास?’’

‘‘घेतला. आता सहा महिन्यांनी त्याचं काम बघू. तेव्हा कळेल.’’

पाच मिनिटांवरून सहा महिने. माझ्या मते ही प्रगती आहे!

चौकट : उद्या तुम्ही पॅनलवर असाल तर...

* कामाला नेमकं काय लागतं ते आधी लिहा, प्रश्न त्यावरूनच काढा.
* सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं.
* मार्क लगेच आणि आपापले द्या. चर्चा नंतर.
* वडील, गाव, लग्न, मुलंबाळं : कामाशी संबंध नसेल तर विचारूच नका.
* जमेल तिथे छोटंसं खरं काम करून बघायला द्या.
* आणि निवडलेल्या माणसाचं पुढे काय झालं, त्याची नोंद ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा ‘दारातून आत येतानाच कळतं’!