जुन्या जीपचा कार्बोरेटर: बदलण्याआधी उघडून पाहा

महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या पेट्रोल जीप आजही हौशी मालकांनी जपलेल्या आहेत. गाडी झटके देऊ लागली, की गिरगावाशेजारच्या ऑपेरा हाऊसला, सुट्या भागांच्या बाजारात नवा कार्बोरेटर शोधायची घाई होते. ती बहुतेकदा अनाठायी असते. ओतीव धातूचे धड सहसा टिकते. झिजतात ते गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह, फ्लोट आणि पंपाचा डायफ्रॅम. पावसाळाभर गाडी उभी राहिली, की पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि जेट बुजतात. त्यात हल्लीचे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल हवेतली ओल शोषते, जुने रबर खराब करते. टाकी आणि नळ्या तशाच ठेवल्या, तर नवा कार्बोरेटरही तुंबणारच.

‘नवा लावला की कटकट मिटते’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. थ्रॉटलचा दांडा झिजून सैल झाला असेल, तर तिथून जादा हवा शिरते. मग गॅस्केट-नीडलच्या नुसत्या दुरुस्ती-किटने भागत नाही, बुश बसवावे लागते किंवा नवा घ्यावा लागतो. पण नव्याचे जेट इंजिनाच्या मापाचे नसतील, तर मिश्रण बिघडते (दिसायला सारखा, एवढ्यावर भुलू नये). तेव्हा आधी दांडा हलवून पाहा, मगच पैसे काढा. आणि जेट साफ करताना तार घालू नका. भोक मोठे होते.