घंटीचा अर्थ

सायकलच्या घंटीतून दोन अर्थ निघू शकतात. एक, ‘मी येतो आहे’. दुसरा, ‘बाजूला हो’. आवाज तोच, पण पहिल्यात सूचना आहे आणि दुसऱ्यात हुकूम. धावणारे आणि सायकलवाले एका वाटेवर आले की होणाऱ्या बाचाबाचीचे मूळ मला या फरकात दिसते. म्हणून घंटीमागचे कायदे शोधत गेलो.

शोध इंग्लंडात पोहोचला. तिथल्या १८८८ च्या ‘लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्ट’च्या ८५ व्या कलमाने सायकलला गाडीचा दर्जा दिला. कोणालाही ओलांडण्याआधी, मग ती घोडागाडी असो की पायी चालणारा माणूस, घंटी, शिटी किंवा अन्य आवाजाने पुरेशी सूचना देणे सायकलस्वारावर बंधनकारक झाले. वेगाबद्दल या कलमात अक्षर नव्हते. सूचना देण्याची ही सक्ती १९३० मध्ये रद्द झाली. पुढे १९६८ च्या ‘कंट्रीसाइड अ‍ॅक्ट’ने पादचारी आणि घोडेस्वारांसाठी असलेल्या रानवाटा सायकलींना खुल्या केल्या, पण अट वेगळी घातली : पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला सायकलस्वाराने वाट द्यायची. जानेवारी २०२२ मध्ये सुधारलेल्या ब्रिटिश ‘हायवे कोड’ने हेच तत्त्व सर्व वाहनांना लावले. ज्याच्याकडून अधिक इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी अधिक. सायकलस्वाराने वेग कमी करावा, घंटी वाजवून किंवा सौम्य हाक मारून आपण असल्याचे कळवावे, आणि समोरची व्यक्ती बहिरी किंवा अंध असू शकते हे ध्यानात ठेवावे, असे तो सांगतो. आवाज करण्याच्या कर्तव्याकडून वाट देण्याच्या कर्तव्याकडे झालेला हा प्रवास आहे.

त्यामागचे गणित सोपे आहे. ताशी १० किलोमीटरने धावणारा सेकंदाला सुमारे २.८ मीटर जातो, ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल ५.६ मीटर. मागून येणाऱ्या सायकलने २० मीटरवर घंटी वाजवली, तर धावणाऱ्याला सात सेकंद मिळतात. तीच घंटी तीन मीटरवर वाजली, तर जेमतेम एक. एका सेकंदात माणूस विचार करत नाही, दचकतो; आणि दचकलेला माणूस कोणत्या बाजूला सरकेल, हे त्यालाही ठाऊक नसते. उशिरा वाजलेली घंटी न वाजलेल्या घंटीहून धोक्याची ठरू शकते ती यामुळेच.

एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणवणाऱ्या पुण्यात आज हा प्रश्न रोजचा आहे. पालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा केला. पण पदपथ उखडलेला असला की धावणारा सायकलमार्गावर येतो, आणि सायकलमार्गावर गाड्या उभ्या असल्या की सायकलवाला पदपथावर चढतो. दोघेही एकमेकांच्या हद्दीत, आणि दोघांनाही वाटते की आपल्याला इथे ढकलले गेले. ते खरेही आहे. मात्र त्याचा राग एकमेकांवर काढून वाट रुंद होत नाही.

धावणाऱ्याच्या बाजूचेही काही आहे. पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजवीकडून धावणे शहाणपणाचे. तीच सवय अरुंद सामायिक वाटेवर आणली, तर डावीकडून येणाऱ्या सायकलशी आमनेसामने गाठ पडते, आणि दोघांतले अंतर सेकंदाला आठ मीटरहून अधिक वेगाने घटते. अशा वाटेवर डावीकडून, सरळ रेषेत धावावे. एक कान मोकळा ठेवावा. वळण्याआधी मागे पाहावे. गटाने धावताना वाटेची पूर्ण रुंदी अडवू नये.

सायकलस्वाराने घंटी लांबून, एकदाच वाजवावी आणि बोटे ब्रेकवर ठेवावीत. वाट मिळाली नाही, तर मागे राहावे. ओलांडताना हातभर अंतर सोडावे आणि जाताना आभाराचा एक शब्द टाकावा.

हा शिष्टाचार आपल्याला परका नाही. आषाढी वारीच्या गर्दीत पुढे सरकणारा वारकरी ‘माउली’ एवढेच म्हणतो. समोरचा वळून पाहतो आणि सरकतो. या हाकेत सूचना आहे आणि समोरच्याचा मानही आहे. घंटीला शब्द नसतात. तिच्यातला मान सायकलच्या वेगावरूनच कळतो.