नोंद एक, पत्ते अनेक

चंदीगडमध्ये पत्ता सांगणं सोपं. सेक्टरचा नंबर, घराचा नंबर, झालं. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात एक घर एकाच सेक्टरात. मोबाइलमधल्या फोल्डरचंही तसंच, एक नोंद एकाच फोल्डरात. पण सेक्टर १६ मधल्या झाकिर हुसेन रोझ गार्डनमध्ये माळीदादांनी सांगितलेली गुलाबाच्या छाटणीची युक्ती कुठे ठेवायची? ‘सहल’मध्ये की ‘बागकाम’मध्ये? एका खणात टाकली की दुसऱ्यात शोधताना ती हाती लागत नाही.

टॅग लावले की नोंद जागची हलत नाही. तिच्यावर #बागकाम, #चंदीगड अशा हव्या तितक्या चिठ्ठ्या चिकटतात. ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्येच कोलन वर्गीकरणातून पुस्तकाच्या विषयाचे असे वेगवेगळे पैलू मांडले होते.

पण हजारो नोंदींतून हवी ती क्षणात कशी सापडते? पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशी सूची संगणक आधीच करून ठेवतो, फक्त पानांऐवजी नोंदींचे क्रमांक. #बागकाम : ३, ८, १५, ४०. #चंदीगड : ८, २२, ४०. दोन्ही टॅग एकत्र मागितले, की दोन याद्यांवर दोन बोटं ठेवायची आणि लहान आकड्यावरचं बोट पुढे सरकवत राहायचं. बोटं एकाच आकड्यावर आली की नोंद सापडली. इथे ८ आणि ४०. बाकीच्या नोंदी उघडाव्याच लागत नाहीत!

मात्र या सूचीला अर्थ कळत नाही, फक्त अक्षरं कळतात. #बाग, #बागकाम आणि #गार्डन या तिच्या लेखी तीन वेगळ्या याद्या. म्हणून टॅग लावताना मी स्वतःला विचारते, सहा महिन्यांनी शोधताना मला कोणता शब्द आठवेल?