ना सौभाग्य, ना वैधव्य

तह झाला की युद्ध संपले, असे इतिहास मानतो. ज्या घरचा माणूस परतलाच नाही, त्या घरी मात्र ते चालूच राहते. नेपाळात माओवाद्यांचा सशस्त्र उठाव १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सुरू झाला आणि २१ नोव्हेंबर २००६ रोजीच्या शांतता कराराने थांबला. त्या काळात तेरा हजारांहून अधिक माणसे मारली गेली. शिवाय तेराशेच्या वर माणसे बेपत्ता झाली. कित्येकांना सुरक्षा दलांनी नेले, तर काहींना बंडखोरांनी. बर्दिया जिल्ह्यातील थारू शेतकऱ्यांना याची झळ सर्वांत अधिक पोचली.

बेपत्ता झालेले बहुतेक पुरुष होते. मागे राहिल्या त्या त्यांच्या बायका. नेपाळातील हिंदू घरांत भांगातला शेंदूर, लाल बांगड्या आणि 'पोते' नावाची मण्यांची माळ ही सौभाग्याची लेणी होत. विधवेला लाल रंग वर्ज्य. मग बेपत्ताच्या पत्नीने काय करावे? शेंदूर भरावा, तर शेजारी नावे ठेवतात. पुसावा, तर आपणच पतीला मृत ठरविले असे होते. मृत्यूचा पुरावा नसल्याने जमिनीचा वारसाही अडतो. म्हणजे दुःख करण्याचा अधिकार नाही आणि संसार चालविण्याचे साधनही नाही.

युद्धानंतर सरकारने मृतांच्या व बेपत्तांच्या कुटुंबीयांसाठी अंतरिम मदत योजना आखली. मदतीची रक्कम पुढे टप्प्याटप्प्याने दहा लाख नेपाळी रुपयांपर्यंत गेली. परंतु या काळात ज्या स्त्रियांवर बलात्कार झाले, त्यांना या योजनेत स्थानच नव्हते. त्यांना न्यायालयाचा मार्गही बंद होता. कारण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अशी फिर्याद पस्तीस दिवसांच्या आत करावी लागे. बंदूकधाऱ्यांच्या पहाऱ्यात असलेल्या गावातून ठाण्यापर्यंत जाण्याचे धाडस एवढ्या अवधीत कोण करणार? ही मुदत २०१५ साली १८० दिवस झाली. पण जुन्या अत्याचारांना तिचा काय उपयोग? अखेर २०२४ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने अशा अत्याचारांची गणना युद्धकाळातील गंभीर गुन्ह्यांत केली.

पैशाने न भागणारी गरज आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने ओळखली. स्थानिक संस्थांच्या साह्याने तिने 'हातेमालो' हा उपक्रम चालविला. हातेमालो म्हणजे एकमेकांचे हात धरणे. बेपत्तांच्या नातलगांनी, विशेषतः स्त्रियांनी, गटागटाने एकत्र बसावे, मन मोकळे करावे, गेलेल्यांची आठवण सर्वांसमक्ष जागवावी, असे त्याचे स्वरूप होते. गावाने जिला अपशकुनी मानून दूर सारले, तिला आपल्यासारख्याच दुसरीचा आधार मिळाला.

मदतीचे खाते मृतांची नोंद सहज करते, कारण तिला दाखला असतो. जिच्या दुःखाला दाखलाच नाही, तिला शोधत तिच्या दारापर्यंत जाणे हे मदतकार्याचे अधिक अवघड आणि अधिक निकडीचे काम होय.