बोलण्याआधीची प्रश्नोत्तरे

बीडजवळच्या पालीत काय किंवा मराठवाड्यातील अन्य गावांत काय, ‘नाक कुठंय?’, ‘चिऊ कुठं गेली?’ असे प्रश्न बाळाला बोलता येण्याआधीच विचारले जातात आणि बाळ नजरेने, हुंकाराने, पुढे वर्षाच्या सुमारास बोट दाखवून उत्तर देते. शब्द समजण्याची ही क्षमता, म्हणजे ग्रहणभाषा, उच्चारांच्या काही महिने आधी विकसित होते. प्रश्नानंतर क्षणभर थांबणे (मोठ्यांना हेच अवघड जाते) आणि बाळाचा ‘बू’ हा उद्गार ‘हो, भूभू आला’ असा विस्तारून परत करणे यांतून संवादक्रम, म्हणजे आळीपाळीने बोलण्याची रीत, अंगवळणी पडते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या ‘नवचेतना’ आराखड्यात तीन वर्षांखालील मुलांसाठी, अंगणवाडीमार्फत पालकांपर्यंत पोहोचवायच्या, अशा घरगुती कृती आहेत. मात्र बीडमधील ऊसतोड कुटुंबांसोबत तान्ही मुले दिवाळीच्या सुमारास फडावर गेली, की गावच्या अंगणवाडीशी त्यांचा संबंध हंगाम संपेपर्यंत बहुधा तुटतो.